'द केप' कोण आणि रिबेक कोण: वसाहतकाळातली जुनी छापील चित्रं कशी तपासावीत

तुम्ही दोन चित्रांबद्दल विचारलं आहे. पहिलं मुंबईच्या चोरबाजारात घेतलेलं रंगीत चित्र. त्याच्या वरच्या कडेला २८ मार्च १८९१ ही तारीख आहे, खाली इंग्रजीत 'द केप' एवढेच शब्द आहेत आणि विकणाऱ्याने ते 'कुणीतरी जुना गव्हर्नर' म्हणून दिलं. दुसरं नातेवाइकांनी दक्षिण आफ्रिकेतून आणलेलं. त्यात लांब केसांचा, पांढऱ्या कॉलरचा डच पुरुष आहे आणि चौकटीच्या मागे पेन्सिलीने 'यान फान रिबेक' लिहिलेलं आहे. ही चित्रं अस्सल आहेत का, यातली माणसं कोण, आणि वसाहतींवरच्या शाळेच्या प्रदर्शनात लावताना खाली काय लिहायचं, असे तुमचे तीन प्रश्न आहेत.

पहिल्या चित्रातला माणूस सेसिल ऱ्होड्स आहे, दक्षिण आफ्रिकेतल्या केप या ब्रिटिश वसाहतीचा पंतप्रधान. दुसऱ्या चित्रातला माणूस यान फान रिबेक, म्हणजे केपचं पहिलं डच ठाणं वसवणारा अधिकारी, बहुधा नाही. पण ही उत्तरं कशी मिळतात ते समजून घेणं जास्त उपयोगाचं आहे, कारण प्रदर्शनात आणखी चित्रं येतील आणि प्रत्येकाच्या मागे कुणी ना कुणी एखादं नाव लिहिलेलं असेलच. बहुतेक लोक चेहऱ्यापासून सुरुवात करतात. गूगलवर मिळताजुळता चेहरा शोधतात आणि सापडला की थांबतात. मी उलट क्रम धरायला सांगेन. आधी कागद, मग छपाई, मग छापील अक्षरं, मग हाताने लिहिलेलं आणि सगळ्यात शेवटी चेहरा. पहिल्या चार गोष्टी तपासता येतात. चेहरा मात्र आपण ठरवू तसा दिसायला लागतो.

काही गोष्टी चित्र हातात घेतल्याशिवाय सांगता येणार नाहीत, हे आधी स्पष्ट करतो. 'द केप' हे चित्र 'व्हॅनिटी फेअर' या लंडनच्या साप्ताहिकातलं आहे यात शंका नाही, पण तुमची प्रत १८९१ ची की नंतरची नक्कल, हे फोटोवरून ठरत नाही. तेव्हा ते तुम्हालाच पाहावं लागेल. अवघड काही नाही.

चौकट उघडताना टेबलावर स्वच्छ सुती कापड घाला आणि चित्र पालथं ठेवा. मागचा तपकिरी कागद कापून काढा, पण त्यावर एखाद्या फ्रेमवाल्याची चिठ्ठी किंवा शिक्का असेल तर तो तुकडा जपून ठेवा. चित्र कुठून कुठे गेलं याचा तोच पुरावा असतो. खिळे पक्कडीने आडवे ओढून काढा. वर उचकटू नका, पक्कड घसरली की चित्राला भोक पडतं. चित्र पुठ्ठ्याला किंवा काचेला चिकटलेलं दिसलं तर तिथेच थांबा. काचेला चिकटलेला कागद ओढला की रंगाचा थर काचेवर राहतो आणि तो परत बसवता येत नाही. ते काम कागदसंवर्धकाचं आहे.

आता माप घ्या. 'व्हॅनिटी फेअर'च्या नेहमीच्या चित्राचा कागद साधारण ३८ × २६ सेंटिमीटर आणि त्यातलं चित्र साधारण ३१ × १८ सेंटिमीटर असतं. कागद एक-दोन सेंटिमीटर कमी भरला तर घाबरू नका. ही चित्रं वर्षाच्या शेवटी अल्बममध्ये बांधली जात आणि बांधणीत कडा कापल्या जात. डाव्या कडेला टाक्यांची भोकं किंवा सरसाचा माग दिसला तर ते चांगलंच लक्षण. चित्राचं मापच पाच-सहा सेंटिमीटरने वेगळं असेल तर मात्र ती नक्कल. विशेषांकांतली चित्रं दुप्पट रुंद असत आणि त्यांना मधोमध घडी असते, म्हणून तसल्या चित्राला घडी आहे एवढ्यावरून ते वाईट ठरत नाही. कागदाची मागची बाजू कोरी हवी. मागे मजकूर किंवा जाहिरात असेल तर ते पान दुसऱ्याच कुठल्या तरी प्रकाशनातलं आहे.

मग भिंग. घड्याळजी वापरतात तसं दहापट मोठं दाखवणारं भिंग पुरतं. १८९१ ची ही चित्रं रंगीत शिलामुद्रणाने छापलेली आहेत. प्रत्येक रंगाला वेगळा दगड, आणि एकावर एक छपाई. भिंगाखाली रंगाचे ठिपके वेडेवाकडे, लहानमोठे, हाताने टाकल्यासारखे दिसतात. काही भाग सलग सपाट रंगाचे असतात आणि कडेला एक रंग दुसऱ्याच्या बाहेर किंचित सरकलेला दिसतो. कोटाची कड आणि चेहऱ्याची बाह्यरेषा हे पाहायला उत्तम. याउलट ठिपके एकसारख्या अंतरावर, ओळीत आणि चार रंगांची छोटी फुलं जुळवल्यासारखे दिसले तर ते फोटोवरून केलेलं हाफटोन छापकाम आहे. सगळीकडे निळ्या-गुलाबी-पिवळ्या रंगाची बारीक फवारणी दिसली आणि अक्षरांच्या कडाही त्याच फवारणीच्या असल्या तर ते घरच्या प्रिंटरचं काम आहे.

खालची अक्षरं तर नक्कीच तपासा. अस्सल चित्रात 'द केप' ही अक्षरं एकाच शाईत सलग भरलेली असतात. चित्राचा फोटो काढून केलेल्या नकलेत अक्षरंसुद्धा ठिपक्यांत फुटतात. चित्राच्या रंगांत नक्कल करणारा कितीही काळजी घेवो, अक्षरांकडे त्याचं दुर्लक्ष होतं.

इथे एक सापळा आहे. 'व्हॅनिटी फेअर' १८६८ मध्ये टॉमस गिब्सन बोल्झने सुरू केलं आणि ते १९१४ पर्यंत चाललं. बराच काळ छपाई व्हिन्सेंट ब्रुक्स, डे अँड सन या शिलामुद्रकाची होती आणि ते नाव चित्राच्या खाली बारीक अक्षरांत असतं. शेवटच्या वर्षांत मात्र काही चित्रं 'हेन्शेल कलरटाइप' या नावाने, फोटोआधारित रंगछपाईने निघाली. त्या चित्रांत नियमित ठिपके दिसणं स्वाभाविक आहे. म्हणजे नियमित ठिपके १८९१ च्या चित्रात संशयास्पद आणि १९१० च्या चित्रात बरोबर. आधी तारीख आणि मुद्रकाचं नाव वाचा, मग ठिपक्यांवर निकाल द्या. हा क्रम न पाळल्याने अस्सल चित्रं 'नकली' म्हणून रद्दीत गेलेली आहेत.

तिसरी परीक्षा अतिनील टॉर्चची. नोटा तपासायला मिळतो तसला, शक्यतो ३६५ नॅनोमीटरचा टॉर्च घ्या, खोली अंधारी करा आणि कागदाचा एक कोपरा पाहा. कागद निळसर पांढरा झगझगला तर त्यात उजळपणा आणणारी रसायनं आहेत. ती कागदात सर्रास आली विसाव्या शतकाच्या मध्यानंतर. तसा कागद १८९१ चा असू शकत नाही. जुना कागद फिकट पिवळट किंवा मळकट दिसतो. पण नवा पांढरा माउंट (चित्राभोवतीची पुठ्ठ्याची खिडकी) शेजारी असेल तर त्याचीच चमक चित्रावर पडते, म्हणून चित्र पूर्ण सुटं करून काळ्या कापडावर ठेवून पाहा. जुन्या कागदावरचे तपकिरी डागही या उजेडात कधीकधी चमकतात. चमक फक्त डागांपुरती असेल तर ती सोडून द्या.

या तिन्ही कसोट्या एकत्रच पाहायच्या. माप बरोबर, ठिपके हाताचे, अक्षरं सलग, कागद न चमकणारा, एवढं जुळलं तर चित्र १८९१ चं समजायला हरकत नाही. एकच गोष्ट जुळली तर कुठलाही निष्कर्ष काढू नका.

आता नाव. 'व्हॅनिटी फेअर'ची रीत अशी होती की चित्राखाली माणसाचं नाव छापायचंच नाही. खाली एक छोटं वाक्य, टोपणनाव किंवा पद. बाकी ओळख अंकातल्या चरित्रपर मजकुरातून, जो 'जेहू ज्युनिअर' या टोपणनावाने येई. वाचकाने ओळखावं यातच मजा होती. त्यामुळे आज अशी शेकडो चित्रं बिननावाची बाजारात फिरतात आणि विकणारे मनाला येईल ते नाव देतात. तुमच्या चित्रासाठी तारीख आणि खालचे शब्द एवढे दोन दुवे पुरेसे आहेत. २८ मार्च १८९१ च्या अंकात 'द केप' या शब्दांखाली आलेलं चित्र सेसिल जॉन ऱ्होड्सचं आहे आणि चित्रकार 'स्पाय', म्हणजे लेस्ली वॉर्ड. लंडनच्या नॅशनल पोर्ट्रेट गॅलरीच्या ऑनलाइन सूचीत अशी चित्रं माणसाच्या आणि चित्रकाराच्या नावाने शोधता येतात. तिथून तारीख जुळवून घ्या. मालिकेचं नाव आणि क्रमांकही छापलेले असतील, ते जसेच्या तसे उतरवा, पण एकट्या क्रमांकावर विसंबू नका.

'जुना गव्हर्नर' हे मात्र चूक. ऱ्होड्स १८७० मध्ये, सतरा वर्षांचा असताना, इंग्लंडमधून दक्षिण आफ्रिकेतल्या नाताळ या वसाहतीत आला तो शेतीसाठी. पुढे किंबर्लीच्या हिऱ्यांच्या खाणींत त्याने पैसा केला, १८८८ मध्ये डी बिअर्सच्या छत्राखाली खाणी एकवटल्या आणि १८९० मध्ये केप वसाहतीचा पंतप्रधान झाला. १८९१ चं चित्र या चढत्या काळातलं आहे. गव्हर्नर लंडनहून नेमला जाई आणि मुदत संपली की परत जाई. ऱ्होड्स वसाहतीत स्थायिक झालेला, तिथल्याच निवडणुकीतून आणि पैशातून वर आलेला माणूस. तुमचं प्रदर्शन वसाहतींवर आहे, म्हणून हा फरक पाटीवर यायलाच हवा. दक्षिण आफ्रिकेत जमिनीचा, खाणींचा आणि मजुरांचा प्रश्न ज्या प्रकारे पेटला, त्यात या स्थायिक झालेल्या गोऱ्यांचा वाटा फार मोठा होता.

अर्कचित्र पाहताना बहुतेकांना वाटतं की त्यात माणसाची खिल्ली आहे, म्हणजे चित्रकार त्याचा विरोधक असणार. 'व्हॅनिटी फेअर'बाबत तसं समजणं धोक्याचं आहे. सुरुवातीच्या काळात कार्लो पेल्लेग्रिनी, म्हणजे 'एप', खरोखर तीक्ष्ण काढत असे. ३० जानेवारी १८६९ च्या अंकातलं ब्रिटिश राजकारणी डिझरायलीचं चित्र त्याचंच, आणि तिथूनच ही परंपरा सुरू झाली. वॉर्डचं काम वेगळं. तो १८७३ मध्ये आला आणि चार दशकांत त्याने हजाराहून जास्त चित्रं दिली. आधी माणसाला लांबून न्याहाळून आठवणीतून काढणं, पुढे पुढे समोर बसवून काढणं, आणि त्याबरोबर चित्रं सौम्य होत जाणं, असा त्याचा प्रवास आहे. एकोणीसशेच्या आसपासची त्याची चित्रं म्हणजे जरा लांबवलेली, जरा ठळक केलेली व्यक्तिचित्रंच. आपलं चित्र 'व्हॅनिटी फेअर'मध्ये येणं हा मान समजला जाई. तेव्हा 'द केप' हे ऱ्होड्सवरची टीका म्हणून लावू नका. लंडनच्या सुखवस्तू वाचकाला 'हा माणूस आता ओळखायलाच हवा' असं सांगणारं ते चित्र आहे.

टीका दाखवायची असेल तर शेजारी दुसरं चित्र हवं आणि सुदैवाने ते सहज मिळतं. १० डिसेंबर १८९२ च्या 'पंच' या लंडनच्या विनोदी साप्ताहिकात एडवर्ड लिन्ली सँबोर्नचं 'द ऱ्होड्स कोलोसस' आलं. आफ्रिकेच्या नकाशावर ऱ्होड्स दोन पाय फाकून उभा आहे, एक पाय केपटाउनवर, दुसरा कैरोवर, पसरलेल्या हातांत तारेची दोरी, खांद्याला बंदूक. केपपासून कैरोपर्यंत तारयंत्राची लाइन टाकण्याची योजना त्याने तेव्हा जाहीर केली होती आणि त्यावरचं हे चित्र आहे. त्याच्या नावाशी ऱ्होड्स बेटावरच्या प्राचीन महाकाय पुतळ्याचा मेळ घातला आहे. चित्र इतकं गाजलं की आजही आफ्रिकेच्या वाटणीवरच्या कुठल्याही पाठ्यपुस्तकात ते सापडतं.

पण हेही चित्र पूर्ण विरोधी आहे का, हे मुलांना पाहू द्या. त्यात महत्त्वाकांक्षेची थट्टा आहे आणि भव्यतेचं कौतुकही आहे. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे पायाखालचा खंड रिकामा आहे. तिथे एकही आफ्रिकी माणूस नाही. ३० ऑक्टोबर १८८८ ला मटाबेलेंचा राजा लोबेंगुलाकडून रड सवलतपत्रावर, म्हणजे खाणींचे हक्क देणाऱ्या करारावर, सही घेतली गेली आणि १८९० मध्ये ऱ्होड्सच्या कंपनीचा 'पायोनिअर कॉलम', म्हणजे वसाहत करायला निघालेली सशस्त्र तुकडी, माशोनालँडमध्ये (आजच्या झिम्बाब्वेत) घुसला. या घटना ताज्या असताना काढलेल्या चित्रात ते लोक नाहीत. सँबोर्नला नकाशा दिसला, माणसं दिसली नाहीत. माझ्या मते प्रदर्शनातली ही सगळ्यात महत्त्वाची पाटी होऊ शकते, आणि ती लिहायला चित्राबाहेरचं काहीही ताणून आणावं लागत नाही.

लंडनबाहेर काढलेली चित्रंही शोधा. बोअर युद्धात इंग्रजांनी बोअर (दक्षिण आफ्रिकेत स्थायिक झालेल्या, मुख्यतः डच वंशाच्या) बायका-मुलांना छावण्यांत डांबलं, त्यावर पॅरिसच्या 'लासिएत ओ बर' या साप्ताहिकाने २८ सप्टेंबर १९०१ ला झां व्हेबरच्या चित्रांचा आख्खा अंक काढला. ती चित्रं 'पंच'च्या शेजारी ठेवली की अर्कचित्राची धार चित्रकार कुठल्या देशात बसला आहे यावर किती अवलंबून असते ते वेगळं सांगावं लागत नाही. पण त्या अंकातही सहानुभूती बोअरांपुरतीच आहे. काळ्या आफ्रिकी लोकांसाठीही वेगळ्या छावण्या होत्या.

'व्हॅनिटी फेअर'मध्ये येणारा प्रत्येक जण त्या क्षणी यशस्वी होता असंही नाही. डॉक्टर लिअँडर स्टार जेमसन, ऱ्होड्सचा उजवा हात, याने १८९५ च्या अखेरीस ट्रान्सवाल या बोअर प्रजासत्ताकावर हल्ला केला. तो जानेवारी १८९६ च्या पहिल्या दोन दिवसांतच फसला. जेमसन पकडला गेला आणि ऱ्होड्सला पंतप्रधानपद सोडावं लागलं. जेमसनचं चित्र 'डॉक्टर जिम' या लाडक्या नावाने ९ एप्रिल १८९६ ला आलं, म्हणजे हल्ला फसल्यानंतर. तारीख वाचल्याशिवाय त्या चित्राचा अर्थ लागत नाही. वर्षभर आधीचं समजून पाटी लिहिली तर ती सरळ चुकीची होते.

मुंबईशी जोडणारा दुवा हवा असेल तर सर बार्टल फ्रिअर घ्या. १८६२ ते १८६७ तो मुंबईचा गव्हर्नर होता, पुढे झांझिबारच्या सुलतानाशी गुलामांच्या व्यापाराविरुद्ध बोलणी करायला गेला, १८७७ मध्ये दक्षिण आफ्रिकेचा हाय कमिशनर झाला आणि १८७९ च्या झुलू युद्धाची जबाबदारी त्याच्यावर आली. त्याचं 'व्हॅनिटी फेअर'मधलं चित्र १८७३ चं, झांझिबारच्या मोहिमेनंतरचं. आणि थॉमस वुलनरने घडवलेला त्याचा संगमरवरी पुतळा मुंबईत टाउन हॉलमध्ये, एशियाटिक सोसायटीच्या इमारतीत आहे. तो स्थायिक झालेला वसाहतकार नव्हे, नेमलेला अधिकारी. ऱ्होड्सच्या शेजारी त्याला ठेवलं की हा फरक मुलांना डोळ्यांनी दिसेल.

आता दुसरं चित्र. यान फान रिबेक डच ईस्ट इंडिया कंपनीतर्फे ६ एप्रिल १६५२ ला टेबल बे या केपच्या उपसागरात उतरला आणि १६६२ पर्यंत तिथल्या ठाण्याचा प्रमुख होता. गोऱ्या दक्षिण आफ्रिकेने पुढे त्याला मूळ पुरुष मानलं आणि मूळ पुरुषाला चेहरा हवा म्हणून आम्स्टरडॅमच्या राइक्सम्युझियममधलं एक चित्र उचललं. ते दिर्क क्राय या चित्रकाराचं, १६५० चं. बरोबरच्या बाईच्या चित्राला रिबेकच्या बायकोचं, मारिया द ला केलरीचं नाव मिळालं. हेच चेहरे दक्षिण आफ्रिकेच्या नोटांवर आणि तिकिटांवर आले. १९६१ मध्ये रँड हे नवं चलन आलं, त्याच्या पहिल्या नोटांवरही हाच पुरुष आहे. नंतरच्या संशोधनात ही ओळख टिकली नाही. चित्रातला पुरुष बहुधा बार्थोलोमेउस वेर्मायडेन आणि बाई कातारिना केटिंग, असं आता मानलं जातं. म्हणजे दशकानुदशकं लोकांच्या खिशात जो 'रिबेक' होता त्याचा केपशी काहीही संबंध नव्हता.

तुमचं चित्र या मूळ चित्राची छापील प्रत असणार. लांब काळे केस, बारीक मिशी, पांढरी रुंद कॉलर, काळा पोशाख, एवढं जुळवून पाहा. हाफटोन ठिपके असतील तर विसाव्या शतकातली प्रत. केप वसाहतीच्या स्थापनेला ३०० वर्षं झाली म्हणून १९५२ मध्ये मोठा समारंभ झाला, काळ्या संघटनांनी त्यावर बहिष्काराची हाक दिली, आणि त्या निमित्ताने हे चेहरे फार पसरले. ठिपके नसून बारीक दाणेदार काळसर छटा दिसली आणि चित्राभोवती कागदात दाबलेली आयताकृती कड बोटाला लागली तर ते फोटोग्रॅव्युअर, म्हणजे फोटोवरून कोरलेल्या तांब्याच्या पत्र्याने केलेली छपाई, असू शकेल. ते जुनं आणि चांगलं छापकाम असतं, पण त्यामुळे माणसाची ओळख काही बदलत नाही.

हे चित्र प्रदर्शनातून काढू नका. चुकीचं नाव असलेलं म्हणूनच ते दाखवण्यासारखं आहे. शेजारी चार्ल्स डेव्हिडसन बेलच्या 'रिबेकचं आगमन' या चित्राची प्रत लावता आली तर फारच छान. बेल केपचा सर्व्हेअर जनरल होता आणि त्याने ते चित्र १८५० च्या सुमारास काढलं, म्हणजे घटनेनंतर जवळजवळ २०० वर्षांनी. किनाऱ्यावर उभे असलेले खोईखोई, म्हणजे तिथले मूळ रहिवासी, पुढे येणारे डच, ही सगळी मांडणी एकोणिसाव्या शतकातल्या एका वसाहत-अधिकाऱ्याच्या मनातली आहे. ते १६५२ च्या प्रसंगाचा पुरावा म्हणून चालणार नाही. १८५० च्या वसाहतीला स्वतःची सुरुवात कशी झालेली आवडलं असतं, याचा मात्र तो उत्तम पुरावा आहे.

आणखी एक खूण सांगतो, कारण ती फार कमी लोक पाहतात. कोरीवकामाची प्रत काढताना कारागिराने चित्र जसंच्या तसं तांब्यावर कोरलं तर छापल्यावर ते उलटं येतं. एरवी पुरुषाच्या कोटाची डावी बाजू उजवीवर येते, पदकं डाव्या छातीवर असतात. हे उलट दिसलं तर तुमच्या हातात अशी उलटी छापलेली प्रत आहे. तसंच कोरीव चित्राखालच्या ओळी वाचा. 'पिंक्सिट'च्या आधीचं नाव मूळ रंगवणाऱ्याचं, 'स्कल्प्सिट'च्या आधीचं कोरणाऱ्याचं, आणि 'पब्लिश्ड'नंतरची तारीख छपाईची. ती तारीख माणसाच्या वयाशी जोडली की गोंधळ होतो. म्हाताऱ्या माणसाच्या निधनानंतर त्याच्या तरुणपणीच्या चित्राच्या प्रती निघणं अगदी नेहमीचं होतं.

पाट्या अशा लिहा. पहिली: 'सेसिल ऱ्होड्स (१८५३–१९०२). छापील शीर्षक "द केप". चित्रकार लेस्ली वॉर्ड ("स्पाय"). "व्हॅनिटी फेअर", लंडन, २८ मार्च १८९१. रंगीत शिलामुद्रण.' त्यानंतर मोजलेलं माप, आधी उंची, मग रुंदी. दुसरी: 'यान फान रिबेक म्हणून प्रसिद्ध झालेलं चित्र. मूळ तैलचित्र दिर्क क्राय, १६५०, राइक्सम्युझियम, आम्स्टरडॅम. चित्रातला पुरुष बहुधा बार्थोलोमेउस वेर्मायडेन. ही छापील प्रत नंतरच्या काळातली.' 'बहुधा' हा शब्द गाळू नका. मागची पेन्सिलीची अक्षरंही खोडू नका, ती चूक असली तरी. 'मागे पेन्सिलीने: यान फान रिबेक' अशी नोंद करा. पुढे कुणाला तरी त्या अक्षरांवरून चित्र कुठल्या घरातून आलं ते कळेल.

परत चौकटीत घालताना जुना पुठ्ठा किंवा हार्डबोर्ड वापरू नका. त्यातल्या आम्लाने माउंटच्या खिडकीच्या कडेने चित्रावर तपकिरी रेघ उमटते आणि ती जात नाही. आम्लमुक्त माउंटबोर्ड पुढे आणि मागे घ्या. चित्र बोर्डला पूर्ण चिकटवायचं नाही. वरच्या कडेला जपानी कागदाच्या दोन छोट्या पट्ट्यांवर ते लटकतं ठेवायचं. पट्ट्यांसाठी गव्हाच्या पिठाची खळ नको, गव्हाचा स्टार्च हवा. एक भाग स्टार्च आणि चार ते पाच भाग पाणी मंद आचेवर सतत ढवळत वीसेक मिनिटं, पारदर्शक होईपर्यंत शिजवा. गार करून गाळा आणि लावताना पातळ करा. पिठातल्या चिकाला कसर लवकर लागते. आपल्याकडचे बाइंडर कीड लागू नये म्हणून खळीत मोरचूद घालतात, तो अजिबात नको. त्याने कागद काही वर्षांत तपकिरी आणि ठिसूळ होतो. सेलोटेप, फेव्हिकॉल, लॅमिनेशन यांपैकी काहीही नको.

काच चित्राला टेकता कामा नये, माउंटच्या जाडीएवढं अंतर हवंच. मुंबईच्या पावसाळ्यात चौकट भिंतीला सपाट टेकली की मागे ओल धरते आणि बुरशी येते, म्हणून खालच्या दोन कोपऱ्यांना मागून बुचाचे तुकडे लावा, हवा खेळती राहते. बाहेरच्या भिंतीवर, बाथरूमच्या पाठीमागच्या भिंतीवर किंवा खिडकीसमोर लावू नका. आपल्याकडे पावसाळा संपला की पुस्तकं-कागद उन्हात टाकायची सवय आहे. शिलामुद्रणाचे रंग, विशेषतः गुलाबी आणि हिरवट छटा, त्याने उडतात. ओल लागलीच तर चित्र दोन टीपकागदांमध्ये ठेवून वर हलकं वजन द्या, पहिल्या दिवशी दर तीन-चार तासांनी टीपकागद बदला आणि पंखा थेट चित्रावर सोडू नका. प्रदर्शनातला उजेड मंद, साधारण ५० लक्स ठेवा आणि दिवे नंतर बंद करा.

प्रती छापण्याबद्दल: पेल्लेग्रिनी १८८९ मध्ये, सँबोर्न १९१० मध्ये आणि वॉर्ड १९२२ मध्ये वारला. भारतीय कायद्यात चित्रकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी स्वामित्वहक्क संपतो, त्यामुळे या तिघांची चित्रं तुम्ही बिनधास्त छापू शकता. मात्र संग्रहालयाच्या संकेतस्थळावरून फोटो घेणार असाल तर त्यांच्या अटी वाचा. तुमच्याकडे अस्सल चित्र असेल तर स्वतःच स्कॅन करणं उत्तम. चित्र पुढे परदेशी नातेवाइकांकडे पाठवायचा विचार असेल तर आधी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे विचारा, कारण शंभर वर्षांहून जुन्या कलावस्तू देशाबाहेर नेण्यावर कायद्याची बंधनं आहेत.

चौकट उघडलीत की तीन फोटो इथे टाका: खालची अक्षरं भिंगातून, चेहऱ्याची कड भिंगातून आणि अतिनील उजेडात एक कोपरा. रिबेकच्या चित्राचा कडेचा भाग तिरप्या उजेडात घेतलात तर प्लेटची दाबखूण आहे की नाही तेही सांगता येईल.